मुंजाबा पेंटरच्या आरशातलं पाखरू

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. दोन हात उंच, सागवानी चौकटीचा, आणि वरच्या कोपऱ्यात डाग पडलेला. नवा माणूस आला की आधी त्या डागाकडे बघतो आणि हळहळतो, "चांगला आरसा होता हो." होता म्हणतात. मी तर अजून आहे. आणि त्या डागाचं मला जराही वाईट वाटत नाही. त्याच डागामुळे एका माणसाची अखेरची वर्षं त्याची त्याला परत मिळाली. ती कशी, हे सांगण्यासाठीच मी आज बोलतो आहे.

माझा जन्म कुठल्या गावी झाला ते मला ठाऊक नाही. वाळू, भट्टी, धग एवढं अंधुक आठवतं. मग कोणीतरी माझ्या पाठीवर पारा चढवला आणि मला एकदम दिसू लागलं. पहिली वर्षं मी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, निजामाच्या एका अंमलदाराच्या बंगल्यात काढली. रोज सकाळी ते माझ्यासमोर टोपी नीट करत आणि दिवसातून एकदाच, माझ्याकडे बघून, हसत. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. एके दिवशी ते टोपी न घालताच माझ्यासमोर उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. त्याच आठवड्यात ते कुटुंब हैदराबादेकडे निघून गेलं आणि घरातलं सामान जुन्या बाजारात हर्रासीला, म्हणजे लिलावाला, आलं.

तिथे मला एका काळ्यासावळ्या, हाडकुळ्या पोरानं घेतलं. त्याच्या नखांत निळा रंग होता. हा मुंजाबा दांडगे. अजिंठ्याच्या शेतकरी घरातला, पण नांगरापेक्षा कुंचल्यावर जीव असलेला. त्या दिवसांत दुकानांच्या उर्दू पाट्यांच्या शेजारी मराठी पाट्या लागू लागल्या होत्या आणि रंगाऱ्यांना उसंत नव्हती. मुंजाबा दोन्ही लिहायचा. दुकानाच्या काचेवर आतल्या बाजूनं उलटी अक्षरं काढायचा, ती बाहेरून सुलटी दिसायची. उलट-सुलट हा त्याच्या हाताचा खेळच होता.

हर्रासीत कोणीतरी त्याला टोमणा मारला, "पेंटर, तोंड बघायला एवढा मोठा आरसा?"

"तोंड बघायला नाय," मुंजाबा म्हणाला. "ऊन धरायला."

लोक हसले. मलाही काही कळलं नाही. पण चारच दिवसांनी मी बैलगाडीत, कडब्याच्या पेंढ्यांत आडवा होऊन अजिंठ्याच्या लेण्यांकडे निघालो होतो.

लेण्यांतली चित्रं अंधारात आहेत. मुंजाबानं परवानगी काढून त्यांच्या नकला करायला घेतल्या होत्या. कंदिलाचा धूर चित्रांना चालत नाही, आणि कंदिलाच्या उजेडात रंगही खोटे दिसतात. म्हणून मला लेण्याच्या दाराशी उन्हात धरत. मी ऊन पकडून आत टाकायचो. आत जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली असायची. ऊन चादरीवर पडायचं आणि तिथून मऊ होऊन भिंतीवर चढायचं. सूर्य सरकला की मला सरकावं लागे. जरा उशीर झाला की भिंतीवरचा चेहरा पुन्हा अंधारात बुडायचा.

मला धरायचं काम फकिराचं. फकिरा मुंजाबाचा लहानपणचा सोबती. मेंढरं राखून त्याला दिवसभर एका जागी उभं राहायची सवय होती आणि उन्हाची चाल त्याला अंगानंच कळायची.

"पेंटर," तो बाहेरून ओरडायचा, "सूर्य माझ्या हातात हाय. बिडी पिऊ दे, नायतर अंधार करतो बघ."

"कर की. मजुरी बी अंधारातच घे मग."

"मजुरी राहू दे. आत काय दिसून राहिलं ते तरी सांग."

मुंजाबा मग आतून सांगायचा. एक बाई हाय, वळून बघती. एक हत्ती हाय. एक जण हातात कमळ घेऊन उभा हाय, लई दुःखी दिसतो पण रडत नाय. फकिरा ऐकत राहायचा आणि बिडीचं विसरून जायचा. मी मात्र सगळं बघत होतो. मित्रांनो, बंगल्यात मी फक्त समोर येईल ते दाखवलं होतं. इथे मी शेकडो वर्षांच्या अंधारातले डोळे उजेडात आणत होतो. एवढा अभिमान मला पुन्हा एकदाच वाटला. तो प्रसंग शेवटी येईल.

पुढे मुंजाबाचं लग्न झालं. भागूबाई घरात आली. क्रांती चौकात पाट्यांचं दुकान झालं आणि दौलताबाद रस्त्यावर, पडेगावात, पत्र्याचं छत असलेला स्टुडिओ उभा राहिला. मला तिथे उत्तरेच्या खिडकीजवळ भिंतीला टेकवून ठेवलं. आता माझं काम बदललं. चित्रासाठी बसायला माणूस मिळाला नाही की मुंजाबा स्वतःलाच बसवायचा. माझ्यात बघून स्वतःचं चित्र काढायचा.

असं पहिलं चित्र झालं तेव्हा भागूबाई हातातलं पीठ तसंच घेऊन बघायला आली. एकदा तिनं माझ्याकडे पाहिलं, एकदा चित्राकडे.

"आरशात तर तुम्ही डावखुरे दिसता," ती म्हणाली. "चित्रात उजव्या हातात कुंचला कसा आला?"

"आरसा उलटं बोलतो. म्या सुलट करून घेतलं."

"मग आरसा कामून ठेवला?"

"उलटं बोलणारं बी कोणी लागतं घरात."

"त्याला मी नाय का?" असं म्हणून भागूबाई भाकरी थापायला निघून गेली.

त्या वेळी तिथे तात्यासाहेब बसले होते. ते शाळेत चित्रकला शिकवत आणि दर रविवारी चहाला येत. मुंजाबाशी भांडल्याशिवाय त्यांचा चहा संपत नसे. त्यांनी ही गोष्ट गावभर केली. पुढे कितीतरी वर्षं ते आपल्या मुलांना सांगत राहिले, "मुंजाबा पेंटर आरशाचं ऐकत नाही. हात, भांग, अंगरख्याची गुंडी, सगळं सुलट करूनच काढतो." मुंजाबानं अशी तीन-चार स्वतःची चित्रं काढली आणि प्रत्येकात कुंचला उजव्या हातातच होता. हे बोलणं ध्यानात ठेवा, मित्रांनो. पुढे सगळा घोटाळा त्यावरूनच झाला.

मुंजाबाला एकच मुलगी. आजीचं नाव ठेवलं म्हणून ती आवडा. लहानपणी ती माझ्यासमोर जीभ काढायची, भुवया रंगवायची. मोठी झाल्यावर माझ्या शेजारच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन वाचत बसायची. बाप रंगवतो आहे, मुलगी वाचते आहे, आणि कोणी कोणाशी बोलत नाही, अशा कितीतरी दुपारी माझ्यात साठल्या आहेत. शिकून ती नांदेडला कॉलेजात शिकवायला गेली.

मग दिवस फिरले. यंत्रावर छापलेल्या पाट्या आल्या. मुंजाबाचा शिष्य रामकिसन यानंही क्रांती चौकात तसलं यंत्र घेतलं, आणि त्याला यंत्र घ्यायला मुंजाबानंच सांगितलं होतं. भागूबाई गेली. स्वयंपाकाला पडेगावातल्या सारजाबाई येऊ लागल्या. आणि एका सकाळी कुंचला धुताधुता मुंजाबाचा तोल गेला. त्यानं आधाराला मला धरलं. आम्ही दोघं बरोबरच खाली आलो. माझी काच वाचली, पण पाठीची फळी निखळली, आणि धुण्याच्या डब्यातलं पाणी माझ्या पाठीत शिरलं. महिन्याभरात वरच्या कोपऱ्यातला पारा उतरला आणि तिथे पाखराच्या आकाराचा तपकिरी डाग पडला.

मुंजाबाचा उजवा हातही त्या दिवशी गेला. अर्धांगवायू. दवाखान्यातून तो परत आला तेव्हा तो हात मांडीवर लाकडासारखा पडून होता.

"पेंटर संपला," लोक म्हणाले. वाईट वाटूनच म्हणाले, पण म्हणाले.

मुंजाबा रोज सकाळी सारजाबाईंच्या आधारानं स्टुडिओत यायचा आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसायचा. दार लावून घ्यायचा. पहिले काही महिने तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला काय दाखवणार? जे होतं तेच दाखवलं. मग एकदा त्यानं डाव्या हातात खडू घेतला. रेघ ओढली. ती दारू प्यायलेल्या माणसासारखी गेली. त्यानं पुसली. पुन्हा ओढली. तो पाट्या लिहिणारा माणूस होता. सरळ रेघ म्हणजे काय हे त्याचा डोळा विसरला नव्हता, फक्त डाव्या हाताला ते कोणी शिकवलं नव्हतं. म्हाताऱ्या मुंजाबानं आपल्या डाव्या हाताला मुलासारखं शाळेत घातलं.

आणि एके दिवशी ते झालं. त्यानं डाव्या हातात कुंचला उचलला आणि सहज वर पाहिलं. माझ्यातल्या मुंजाबाच्या उजव्या हातात कुंचला होता. आरसा उलटं बोलतो ना. माझ्यात त्याचा मेलेला हात काम करत होता. मुंजाबा बघतच राहिला. मग त्याच्या तोंडाची एक बाजू हसली.

"लबाडा," तो मला म्हणाला, "तुझ्यात तर माझा उजवा जित्ता हाय."

त्या दिवसापासून त्यानं स्वतःचं चित्र काढायला घेतलं. दोन वर्षं तरी चाललं असेल. संध्याकाळी तो चित्रावर फडकं टाकून ते भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. पाटी पुरी झाल्याशिवाय गिऱ्हाइकाला दाखवायची नाही, हा त्याचा जन्माचा नियम. इथे तर गिऱ्हाईक म्हणजे आवडा होती. दिवाळीच्या सुट्टीत ती येईल तेव्हा फडकं काढायचं असं त्यानं ठरवलं होतं. मला बोलून दाखवलं होतं.

बाहेर मात्र वेगळंच दिसत होतं. आवडा शेजाऱ्यांकडे फोन करून सारजाबाईंना बोलावून घ्यायची आणि विचारायची, "अण्णा काय करतात दिवसभर?"

"काय करणार माय," सारजाबाई सांगायच्या, "आरशासमोर बसून राहतेत. कधी कधी त्याच्याशीच बोलतेत बी. म्या भाकर दारातून देते. आत येऊ देत नायत."

आवडा फोन ठेवायची. तिकडे ती काय समजत असेल हे तुम्हाला सांगायला नको.

चित्र पुरं झालं. दिवाळीला थोडेच दिवस उरले होते. मुंजाबा त्या आधीच, झोपेतच, गेला.

त्याला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा शहरातल्या चित्रकारांच्या मंडळानं मुंजाबाच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. तात्यासाहेब मंडळाचे अध्यक्ष होते. आवडा नांदेडहून आली. तात्यासाहेब आणि मंडळाचे दोघे-तिघे जण चित्रं निवडायला स्टुडिओत आले. भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं ते चित्र त्यांनी वळवलं आणि फडकं काढलं.

सगळे जवळ सरकले. पांढऱ्या केसांचा मुंजाबा खुर्चीत बसला होता. हातात कुंचला. ओठ एका बाजूला किंचित उतरलेले, पण डोळे असे, जणू नुकतंच कोणीतरी त्याला चांगली बातमी सांगितली आहे. आणि खांद्याच्या वर, हवेत, एक तपकिरी पाखरू.

"हे आत्म्याचं पाखरू," मंडळातले एक जण हळूच म्हणाले. "जायची वेळ झाली, हे सुचवलंय."

"मला वाटतं ती कला आहे," दुसरे म्हणाले. "उडून चाललेली."

मी भिंतीला टेकून ऐकत होतो. तो माझा डाग होता, मित्रांनो. पण आरशाला बोलता येत नाही. त्याच्यासमोर येऊन बसावं लागतं.

तात्यासाहेब पाखराकडे बघतच नव्हते. ते चित्रातल्या हाताकडे बघत होते.

"हे मुंजाबाचं नाही," ते म्हणाले.

आवडानं मान वर केली. "म्हणजे?"

"केस बघ. पांढरे. म्हणजे चित्र आजारपणानंतरचं. आणि कुंचला उजव्या हातात. तो हात तर गेला होता. चहाचा कप धरवत नव्हता त्याला त्या हातानं."

"आरशात उलटं दिसतं ना तात्या? डावा असेल."

"ते दुसऱ्यांचं. तुझा बाप आरशाचं कधी ऐकत नव्हता. हात सुलट करूनच काढायचा. म्हणजे उजवा काढलाय तो उजवाच." ते चित्राजवळ वाकले. "कोणीतरी प्रेमानं काढलंय. मला तर रामकिसनच वाटतो. गुरूच्या हातात पुन्हा कुंचला दिलाय त्यानं. छान आहे. पण मुंजाबाच्या नावावर दुसऱ्याचं काम लावलं, तर तो माझ्या स्वप्नात येऊन शिव्या देईल."

रामकिसनला बोलावणं गेलं. तो हात पुसत आला, चित्र पाहून त्याचे डोळे भरले.

"म्या नाय काढलं, सर."

"अरे, लाजतोस कशाला?"

"लाजत नाय. असलं काढता आलं असतं तर यंत्र कशाला घेतलं असतं?"

तरी कोणी ऐकेना. रामकिसन पहिल्यापासून लाजाळूच, असं म्हणून सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. तो जितकं नाही म्हणाला तितकं ते चित्र त्याचं होत गेलं. प्रदर्शन परवावर आलं होतं. चित्र लावायचं नाही असं ठरलं आणि मंडळी गेली.

आवडा मागे राहिली. चित्र कुठे लागतं, कुठे नाही, याचं तिला फारसं काही नव्हतं. तिला दुसरंच लागलं होतं. हे चित्र अण्णांचं नसेल, तर ती सगळी वर्षं ते नुसते बसून होते. एका खुर्चीत, लाकडासारखा हात मांडीवर घेऊन. आणि ते अण्णांचं असेल, तर नव्हते. या दोन गोष्टींच्या मधे ती उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सामान आवरायला आली. भंगारवाला दुपारी येणार होता. सारजाबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"ह्याला बी देऊन टाका, आवडाताई. डाग पडलेला आरसा घरात ठेवू नाय म्हणतेत."

"देऊ," आवडा म्हणाली. पण मला उचलायला ती वाकली आणि तशीच थांबली. मग ती मागे झाली आणि बापाच्या खुर्चीत बसली. दमून बसली, दुसरं काही नाही. जवळजवळ वर्षभर त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं.

माझ्यात आता तिचा चेहरा होता. कपाळ मुंजाबाचं, हनुवटी भागूबाईची. तिनं स्वतःकडे पाहिलं. मग खांद्याच्या वर पाहिलं. ती जरा डावीकडे सरकली. जरा खाली झाली. पाखरू बरोबर चित्रातल्या जागी आलं.

तिनं उठून चित्र आणलं, माझ्या शेजारी ठेवलं, पुन्हा बसली. तीच चोच, तोच पंख, तोच शेपटाकडे उतरलेला तपकिरी रंग.

"सारजाबाई," ती शांतपणे म्हणाली, "हा डाग कधी पडला?"

"मालक पडले ना, तवाच. त्यांनी आरसा धरला अन् दोघं बी खाली आले. पाणी शिरलं त्याच्या पाठीत. कामून?"

आवडा चित्राकडे बघत होती. चित्रातल्या मुंजाबाच्या सदऱ्याला छातीवर खिसा होता. खिशातून रुमालाचं टोक डोकावत होतं. बापाचे सदरे तिनं लहानपणापासून घड्या घालून ठेवले होते. तिनं खुंटीवरचा एक सदरा काढून स्वतःच्या अंगाशी धरला. खिसा डाव्या बाजूला. सदऱ्याचा खिसा डावीकडेच असतो. आणि चित्रात तो कुंचल्याच्या बाजूला होता.

तिनं सदरा छातीशी धरूनच डावा हात उचलला. माझ्यातही खिसा आणि हात एकाच बाजूला आले, अगदी चित्रातल्यासारखे.

मित्रांनो, माणूस रडेल असं वाटत असताना तो हसला, तर आरशाला फार बरं वाटतं.

तासाभरात तात्यासाहेब रिक्षातून उतरले. कुरकुरत उतरले. "एवढ्या उन्हात म्हाताऱ्याला बोलावलंस. काय आहे?"

"बसा तात्या. अण्णांच्या खुर्चीत."

ते बसले. आवडानं आधी त्यांना पाखरू दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"डाग आहे होय," ते म्हणाले. "आणि आम्ही त्याला आत्मा केला." मग पुन्हा चित्राकडे वळत, "बरं, चित्र या आरशातून काढलंय, आजारपणानंतर काढलंय, कबूल. पण हाताचं काय?"

"खिसा बघा."

"खिसा?"

"समोर बसून दुसऱ्या कोणी काढलं असतं, तर खिसा त्याच्या जागी असता. इथे तो उलट्या बाजूला आहे."

"मुंजाबा खिसा चुकीच्या बाजूला काढणार नाही."

"चुकीच्या नाही तात्या, आरशाच्या." तिनं चित्र दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्यासमोर धरलं. "आता आरशात बघा."

उलटं चित्र माझ्यात सुलटं झालं. माझं आयुष्यभराचं काम तेच, पण त्या दिवशी ते मी जीव ओतून केलं. खिसा डाव्या छातीवर आला. आणि कुंचला डाव्या हातात.

तात्यासाहेबांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हट्टानं म्हणाले, "पण त्यानं सुलट कसं नाही केलं? जन्मभर आरशाचं ऐकलं नाही, आणि या एकाच वेळी ऐकलं?"

याचं उत्तर दारात उभ्या असलेल्या सारजाबाईंपाशी होतं, आणि ते उत्तर आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"मालक आरशाला म्हणायचे," त्या संकोचानं म्हणाल्या, "‘लबाडा, तुझ्यात माझा उजवा जित्ता हाय.’ रोज म्हणायचे. मला वाटायचं, डोकं फिरलं बिचाऱ्याचं. म्हून काय बोलतेत ते ताईला कधी सांगितलं नाय."

तात्यासाहेबांनी मान खाली घातली. आवडानं चित्र हळूच खाली ठेवलं. खोलीत फक्त पत्रा उन्हानं कडकड वाजत होता.

"मी याला दुसऱ्याचं काम म्हणत होतो," तात्यासाहेब म्हणाले. "हे तर डाव्या हाताचं पहिलं चित्र आहे. आवडा, हे समोरच्या भिंतीवर लागेल. आत शिरलेल्या माणसाला आधी हेच दिसलं पाहिजे." आणि उठता उठता मला म्हणाले, "शेवटी तूच जिंकलास."

भंगारवाला आला आणि रिकाम्या हातानं परत गेला.

प्रदर्शनाला मलाही नेलं. क्रांती चौकाजवळच्या त्या सभागृहात मुंजाबाच्या पाट्या होत्या, लेण्यांतल्या नकला होत्या, आणि समोरच्या भिंतीवर तो स्वतः. शेतकरी आले, दुकानदार आले, चित्रकलेची मुलं आली. अजिंठ्याहून काठी टेकत फकिराही आला. आवडा बोलायला उभी राहिली. ती म्हणाली, "अण्णा आरशासमोर नुसते बसून आहेत, असं आम्हाला वाटत होतं," आणि तेवढ्यात लाईट गेली. सभागृहाला खिडक्या नव्हत्या. सगळं काळं झालं.

लोक कुजबुजू लागले. कोणी म्हणालं थांबू, कोणी म्हणालं उद्या येऊ. तेव्हा अंधारातून काठीचा आवाज आला.

"आरसा कुठं हाय रे? आणा दाराशी."

"फकिराकाका, तुमचे हात थरथरतात," रामकिसन म्हणाला.

"मग तू धर. कसा धरायचा ते म्या सांगतो. अन् ती टेबलावरची चादर वढ, चित्राच्या पुढं खाली आंथर."

मला दाराशी नेलं. फकिराचा सुरकुतलेला हात माझ्या चौकटीवर, जुन्या जागी आला. "जरा वर. तसा नाय, डाव्या अंगाला वळव. हां." बाहेर क्रांती चौकात रणरणतं ऊन होतं. मी ते पकडलं आणि आत टाकलं. चादर लख्ख झाली, आणि तिच्यावरून उजेड मऊ होऊन भिंतीवर चढला. आधी हात दिसला. मग खिसा. मग पांढरे केस, आणि ते डोळे.

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. आवडानं बोलायचं सोडून दिलं. आता बोलायचं काही उरलं नव्हतं.

लाईट बराच वेळ आली नाही. सूर्य सरकला तसा रामकिसन मला सरकवत राहिला. फकिरा दारात उकिडवा बसला होता आणि भिंतीवरच्या सोबत्याकडे बघत होता.

"पेंटर," तो म्हणाला, "आता तरी बिडी पिऊ का?"

पण बिडी त्यानं काढलीच नाही.

मित्रांनो, आता मी नांदेडला आवडाच्या घरी असतो. समोरच्या भिंतीवर मुंजाबा आहे. तो चित्रात उलटा, माझ्यात सुलटा. सकाळी आवडा आधी चित्राकडे बघते, मग माझ्याकडे, आणि मग कॉलेजला जाते.

तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल. कोणी रोज ती वापरत असेल, किंवा वापरणारं माणूस आता नसेल. तिला भंगारात देण्याआधी एक करा. ते माणूस जिथे बसायचं, तिथे तुम्ही एकदा बसा. घाई करू नका. त्या वस्तूला काही सांगायचं असेल तर ती तिथूनच सांगेल.

आणि आरसा पुसाल तेव्हा ओल्या फडक्यानं पुसू नका. पाणी पाठीत शिरतं. कोरड्या फडक्यानं पुसा. माझा डाग मात्र तसाच राहू द्या.